सातवा रकाना

जगात चूक नावाची वस्तूच नसते. असतो तो बरोबरच्या दिशेने सुरू झालेला प्रवास. हे सत्य मानवजातीला फार उशिरा कळलं. मानवत तालुक्यातल्या एका शाळा-केंद्रातल्या शिक्षकांना मात्र ते दोन दिवसांच्या प्रशिक्षणात कळलं, आणि तेही दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या आत. प्रशिक्षणाला आलेल्यांपैकी शंभर टक्के शिक्षक उपस्थित होते. (न आलेल्यांची टक्केवारी काढता आली नाही, कारण ते सही करायला सापडले नाहीत.)

आलेल्यांत अंगद सर होते. मानवतहून एसटीने अर्ध्या तासावरच्या एका शाळेत ते पाचवीला गणित शिकवत. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर तिथे अभ्यासदौरा जाईल आणि पाहुण्यांच्या चहाचं पुन्हा अंगद सरांनाच बघावं लागेल.) प्रशिक्षणापूर्वीची त्यांची पद्धत अत्यंत रानटी होती. ते पोरांना गणित घालत, पोरं सोडवत, सर लाल पेन काढत आणि बरोबर असलं तर बरोबरची खूण, चुकलं तर काट मारत. मग काट मारलेलं गणित पोराला जवळ बसवून पुन्हा करून घेत. या पद्धतीत पोराच्या भावविश्वाला, परिसराला आणि केंद्रप्रमुखांना काहीच जागा नव्हती.

नव्या पद्धतीचं नाव रूब्रिक. रूब्रिक म्हणजे एक तक्ता. वर आडवे निकष, खाली उभे स्तर, आणि प्रत्येक चौकोनात एक वाक्य. स्तर चार: बीज, अंकुर, रोप आणि वृक्ष. निकष सहा: प्रश्न समजून घेणे, पद्धत निवडणे, मांडणी, गणिती संवाद, आत्मविश्वास आणि सहकार्य. पोराने काय केलं ते बघायचं, चौकोनातलं वाक्य बघायचं आणि जुळेल तिथे खूण करायची. मनमानीला वाव नाही. उदाहरणार्थ आत्मविश्वास घ्या. बोलताना खाली पाहणारं पोर बीज. सरांकडे पाहणारं अंकुर. वर्गाकडे पाहणारं रोप. आणि आलेल्या पाहुण्यांकडे पाहणारं वृक्ष. (पाहुणे न आल्यास त्या दिवशी वर्गात कोणी वृक्ष होऊ शकत नाही, ही अडचण वरिष्ठांना कळवण्यात आली आहे.)

मूळ तक्ता कोणा शहाण्या माणसाने केला असावा, कारण त्यात सात रकाने होते. सातव्याचं शीर्षक होतं ‘उत्तराची अचूकता’. पण मूळ तक्ता होता लांब कागदावर आणि झेरॉक्स काढली गेली आखूड कागदावर, त्यामुळे सातवा रकाना मशीनच्या काचेवरच राहिला. अंगद सरांनी प्रशिक्षणात हात वर करून विचारलंही होतं, “सर, यात उत्तर कुठं तपासायचं?” केंद्रप्रमुख भगवानरावांनी तक्ता सुलटा धरला, उलटा धरला, आणि पाणी पिऊन म्हणाले, “उत्तर प्रक्रियेत अंतर्भूत आहे.” सभागृहाने हे वाक्य लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात त्यावर एक भित्तिपत्रक निघालं, त्याच्या पुढच्या महिन्यात कार्यशाळा झाली, आणि दिवाळीपर्यंत त्या केंद्रात उत्तराला महत्त्व देणारा माणूस मागासलेला समजला जाऊ लागला.

अंगद सर मनाने सरळ माणूस. सांगितलेलं करायचं, आणि नीट करायचं, हा त्यांचा स्वभाव. लाल पेन त्यांनी कपाटात टाकलं आणि जूनपासून विविधांगी मूल्यमापनाला असा हात घातला की वर्गात दुसरं काही उरलं नाही. सोमवारी मौखिक. मंगळवारी कृती. बुधवारी स्वयंमूल्यमापन, म्हणजे पोराने आपल्याला आजचं गणित किती समजलं ते चेहऱ्याचं चित्र रंगवून सांगायचं. सगळ्या वर्गाने हसरा चेहरा रंगवला, कारण रडका रंगवणाऱ्याला पुन्हा रंगवायला लावतात हे पोरांना पहिल्याच बुधवारी कळलं होतं. गुरुवारी सहाध्यायी मूल्यमापन. यात शेजाऱ्याची वही शेजाऱ्याने तपासायची. हे भुईमुगाच्या शेंगांच्या दिवसांत फार रंगलं. मूठभर शेंगांना अंकुर, दोन मुठींना रोप, आणि खिसा उलटा केला तर वृक्ष असा भाव वर्गाने आपसांत ठरवून टाकला. (बाजारभावाची संकल्पना: वृक्ष-स्तर.) शुक्रवारी प्रकल्प आणि शनिवारी या सगळ्याच्या नोंदी.

प्रकल्पात माऊलीचा हात धरणारं कोणी नव्हतं. माऊली म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष महारुद्र यांचा मुलगा. त्याने ‘भागाकार आणि आपला परिसर’ असा प्रकल्प आणला. थर्माकोलवर भागाकाराचं चिन्ह, त्यात लुकलुकणारे दिवे, भाज्य लाल, भाजक निळा आणि उत्तर सोनेरी कागदाचं. ते उत्तर चुकलेलं होतं, पण सोनेरी कागद एकदा चिकटला की निघत नाही. शिवाय दिवे लागत होते. माऊली सहाही निकषांत वृक्ष ठरला.

दिवाळीच्या तोंडाला अंगद सरांच्या पाचवीत एकही बीज शिल्लक नव्हतं. अंकुर दोनच होते आणि तेही गोवर झाला म्हणून गैरहजर असल्यामुळे. केंद्रात असा निकाल दुसऱ्या कुठल्या शाळेचा नव्हता. भगवानरावांनी फोन करून शाबासकी दिली, आणि खोटं कशाला बोला, सरांना बरं वाटलं.

अशा या आनंदाच्या वातावरणात, दिवाळीची सुट्टी संपताच, कडूबाई शाळेत आल्या.

कडूबाई चंदाच्या आई. चंदा पाचवीत, हुशार डोळ्यांची, कमी बोलणारी. घरी मेंढरं. दरसाल दिवाळी झाली की कडूबाई आणि त्यांचा नवरा बिरदेव कळप घेऊन गोदावरीकडे, म्हणजे तिकडच्या बोलीत गंगेकाठी, निघत ते पार उन्हाळ्यातच परतत. त्या दारातच उभ्या राहिल्या.

“सर, एक सवाल हाय. आमी आता मेंढरं घेऊन गंगेकाठी चाललाव. पोरगी म्हणतीय, निवासी शाळेची परीक्षा देयची. तिला गणित येत आसंल तर ठिवते हितं मावशीजवळ, देऊ द्या परीक्षा. येत नसंल तर न्हेते. कोकरं सांभाळाया मला माणूस लागतंय. तवा येतंय का न्हाई, तेवढं सांगा.”

सरांनी उत्साहाने चंदाची संचिका काढली. संचिका चांगली जाड होती. चित्रं, रंगवलेले चेहरे, आलेख, सहाध्याय्यांचे अभिप्राय. “चंदा वृक्ष-स्तरावर आहे,” सर म्हणाले.

“झाड?”

“म्हणजे ती प्रक्रिया समजून घेते आणि संवादातून मांडते.”

“मंग गणित येतंय म्हणा की.”

सरांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की ‘येतंय’ हा शब्द तक्त्याच्या चोवीसही चौकोनांत कुठेच नाही. “तसं थेट म्हणता येत नाही,” ते म्हणाले.

“मंग न्हाई येत म्हणा.”

“तसं तर बिलकुलच म्हणता येत नाही.”

कडूबाईंनी पदर खोचला. “सर, मेंढी गाभण आसती न्हाईतर नसती. गाभण हुयाच्या वाटंवर हाय म्हणून बाजारात कोण घेतंय तिला? मी सोमवारी येते. एका शब्दात सांगा.” आणि त्या गेल्या.

अंगद सर संचिकेकडे पाहत बसले. एवढ्या जाड संचिकेत आपल्याला हवं ते कुठेच कसं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. तसं पाहिलं तर शोधायचा मार्ग सोपा होता. पोरीला एक भागाकार घालायचा. पण अशा अचानक घातलेल्या गणिताला साधन क्रमांक नसतो, पूर्वनियोजन नसतं आणि त्याची नोंद कुठे करावी याची सोय नसते. म्हणून शाळा सुटल्यावर, सगळे गेल्यावर, दार लोटून घेऊन सरांनी हा गैरप्रकार केला. फळ्यावर लिहिलं: ५६३५ भागिले ७.

चंदा उठली. हात जोडून म्हणाली, “नमस्कार. आज मी आपल्यासमोर भागाकार सादर करणार आहे.” मग तिने सांगितलं की भागाकार म्हणजे समान वाटणी, की समजा आपल्याकडे पाच हजार सहाशे पस्तीस बोरं आहेत आणि सात मैत्रिणी आहेत, की मैत्रिणींनी भांडू नये. तिने सात मैत्रिणी काढल्या. प्रत्येकीला वेणी घातली. आवाज खणखणीत होता, मांडणी सुबक होती, आणि पाहुणे नसल्यामुळे ती भिंतीवरच्या नकाशाकडे आत्मविश्वासाने पाहत होती. मग ती थांबली. तिला टाळ्या अपेक्षित असाव्यात.

“आणि उत्तर?” सरांनी विचारलं.

“उत्तर बी लिहायचं आसतंय का, सर?”

तिने लिहिलं: ८५.

सरांनी मनात गुणून पाहिलं. पंच्याऐंशी साते पाचशे पंच्याण्णव. म्हणजे सात मैत्रिणींत मिळून सहाशेही बोरं वाटली गेली नव्हती आणि पाच हजारांवर बोरं वाटेतच नाहीशी झाली होती. तीनात सात जात नाहीत, तिथे वर शून्य द्यायचं असतं. ते शून्य द्यायला या पोरीला कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं होतं अंगद सरांनी.  वृक्ष म्हणून सही त्यांची, आणि पोरगी मात्र शून्यापाशी अडकलेली.

आता पेच असा होता. ‘येतंय’ म्हणावं तर पोरगी गावात राहणार, परीक्षेला बसणार आणि पहिल्याच पानावर तिची फजिती होणार. त्या परीक्षेला तर गोल काळा करायचा असतो, मैत्रिणींना वेण्या घालायला तिथे जागा नाही. ‘येत नाही’ म्हणावं तर ती कोकरांमागे जाणार आणि तिची शाळा तिथेच मिटणार. तक्त्यात यासाठी चौकोन नव्हता. दोन दिवस सरांना जेवण गेलं नाही.

सोमवारी कडूबाई आल्या. सरांनी एका दमात सांगून टाकलं, “नाही येत.”

 कडूबाईंचा चेहरा उतरला, कारण आतून त्यांना ‘येतंय’ ऐकायचं होतं. मग म्हणाल्या, “मंग जूनपून तुमी काय करायलाव?”

“मूल्यमापन,” सर खाली मान घालून म्हणाले.

“आन् शिकवणं?”

“ते राहिलं.”

यावर कडूबाई जे बोलल्या ते कुठल्याही स्तरात बसणारं नाही, म्हणून इथे देत नाही. पण बोलून झाल्यावर त्यांनी सरांकडे नीट पाहिलं. “खरं बोललाव म्हणून सांगते. बिरदेव मेंढरं घेऊन म्होरं जाईल. मी आठ दिस थांबते. शिकवा तिला. म्होरल्या सोमवारी पुन्यांदा इचारीन, आन् तवा बी खरंच सांगायचं.”

अंगद सरांनी कपाटातून लाल पेन काढलं. ते वाळलं होतं. नवं आणावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मौखिक, कृती, प्रकल्प सगळं बाजूला ठेवलं आणि फळ्यावर नुसते भागाकार लिहिले. चंदाच्या वहीत पहिल्या दिवशी काटच काट पडली. सर प्रत्येक काटेपाशी थांबत, तिला जवळ बसवत, “हितं किती जातंय? जात न्हाई ना? मग वर काय देशील?” असं विचारत. वर्गातली बाकीची पोरं भोवती गोळा झाली. लाल काट त्यांतल्या कित्येकांनी बघितलीच नव्हती. “सर, मला बी मारा,” म्हणून रांग लागली. माऊलीने आपली वही ऐटीत पुढे केली आणि आयुष्यातली पहिली काट खाल्ली. तो आधी हसला, मग त्याला ती कशाची आहे ते कळलं आणि तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत रडला.

महारुद्र त्याच दुपारी शाळेत आले. “आमच्या पोराचा आत्मविश्वास आन् आमचा थर्माकोल, दोन्हीचा अपमान झाला,” अशी त्यांची तक्रार होती. ती लेखी गेली आणि तिच्या पाठोपाठ गुरुवारी भगवानराव मोटारसायकलवरून आले. त्यांनी वह्या चाळल्या. सगळीकडे लाल खुणा.

“अंगद सर, हे काय करायलाव? हे कोणतं साधन आहे?”

सरांची नोकरी वीस वर्षांची. संकटात तोंडातून आपोआप कार्यालयीन भाषा येण्याइतकी. ते म्हणाले, “द्विस्तरीय तात्काळ प्रतिसाद, सर. उत्तर आलं की लगेच दोनपैकी एक खूण. पोराला तिथल्या तिथं कळतं.”

भगवानरावांच्या कपाळावरची आठी उलगडली. “द्विस्तरीय,” त्यांनी चवीने म्हटलं. “हे आपल्या केंद्रात कोणीच केलं नाही. हा तर नवोपक्रम झाला!” बरोबर आणलेली नोटीस खिशातच राहिली. सोमवारी मानवतच्या सभागृहात सगळ्या शिक्षकांपुढे सादरीकरण करायचं असं ठरलं. शुक्रवारपर्यंत या नवोपक्रमाचं रूब्रिकही तयार झालं. निकष: काटेच्या दोन्ही रेघा समान आहेत काय, खूण वहीच्या समासात आहे काय, खूण करताना शिक्षकाची मुद्रा प्रसन्न होती काय.

सोमवार मात्र कडूबाईंचाही होता, हे सरांच्या लक्षात एसटीत बसल्यावर आलं. त्यांनी चंदाच्या मावशीला फोन करून आपण मानवतला असल्याचा निरोप दिला आणि जीव मुठीत धरून सभागृहात शिरले. पडद्यावर काटेचं मोठं चित्र, समोर ओळीने शिक्षक. सर तिसऱ्या चित्रावर आले असतील, तेवढ्यात मागचं दार उघडलं. काठी टेकत कडूबाई, मागे चंदा.

“सर, आज सोमवार हाय. येतंय का न्हाई?”

सभागृहाला वाटलं, हा सादरीकरणाचाच भाग. भगवानराव उठून उभे राहिले. “व्वा! प्रत्यक्ष प्रात्यक्षिक! घ्या, सर, घ्या.”

अंगद सरांनी फळ्यावर लिहिलं: ४८१६ भागिले ८.  आठ दिवसांत चंदा बेरीज-वजाबाकीपासून पुन्हा उभी राहिली होती. पण वर्गात गणित येणं वेगळं आणि इथे एवढ्या माणसांत येणं वेगळं. चुकली तर आज खरं बोलावं लागणार होतं, आणि खरं बोललं की पोरगी तिथूनच गंगेकाठी जाणार होती.

चंदाने खडू घेतला. या खेपेला तिने नमस्कार केला नाही. पाहुण्यांकडे पाहिलं नाही. मैत्रिणी काढल्या नाहीत. आठाने अठ्ठेचाळीस संपवले, एक खाली उतरवला, थोडी थांबली, ओठ चावला आणि वर शून्य दिलं. मग सहा उतरवले. उत्तर लिहिलं, खडू ठेवला आणि आईकडे पाहिलं.

भगवानरावांनी सभागृहाला मूल्यमापन करायला सांगितलं. तक्ते बाहेर निघाले. गणिती संवाद: बीज, कारण मुलगी एक शब्द बोलली नाही. आत्मविश्वास: बीज, कारण फळ्याकडेच पाहत होती. सहकार्य: कोणाला विचारलं नाही, सबब बीज. मांडणी: चित्रं आढळली नाहीत. बराच खल होऊन चंदाला एकमताने अंकुर हा स्तर देण्यात आला. मागच्या ओळीतल्या एका शिक्षकाने शेजाऱ्याला हळूच विचारलं, “६०२ का ६२ हो?” शेजाऱ्याने बाकाखाली मोबाईल काढला. त्याच्या शेजाऱ्याचा आधीच निघालेला होता.

“सर,” कडूबाई म्हणाल्या, “हे लोक काय लिहायलेत ते मला नगं. तुमी सांगा.”

“बरोबर आहे,” अंगद सर म्हणाले. “येतंय.”  कडूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, चंदाला मावशीकडे जाणाऱ्या एसटीत बसवलं आणि स्वतः काठी घेऊन उलट्या दिशेची गाडी धरली. जाताना सरांना एवढंच म्हणाल्या, “परीक्षेपस्तोर हात सोडू नगा तिचा.”

द्विस्तरीय तात्काळ प्रतिसाद आता केंद्रभर लागू झाला आहे. प्रशिक्षण दोन दिवसांचं असून पहिला दिवस काट कशी मारावी आणि दुसरा बरोबरची खूण कशी करावी यासाठी राखून ठेवला आहे. गणित घालायला तूर्त वेळ ठेवलेला नाही.

इथवर वाचून ज्या सुबुद्ध वाचकांना त्या सभागृहाचं हसू आलं असेल, त्यांच्यासाठी एक छोटं विविधांगी मूल्यमापन खाली देत आहोत. मोबाईल पालथा ठेवावा, कागद घ्यावा आणि २८०७० ला १४ ने भागावं. घरातल्या पाचवीतल्या पोराला हाक मारू नये. उत्तर आलं की ते बरोबर आहे का, असं आपल्याला विचारावंसं वाटेल, लगेच, एका शब्दात. तसं सांगण्याची आमच्याकडे सोय नाही. आपला प्रयत्न मात्र फार छान आहे.